दोराचे पैसे कोण देणार?

जत तालुक्यात पशुवैद्यकीय अधिकारी असतानाची गोष्ट. जून महिना, कर्नाटकी बेंदूर हा बैलांचा सण तोंडावर आलेला. सकाळी फोन आला, बैल विहिरीत पडलाय. पाणी किती, विचारलं. "कमरंएवढं. जेसीबी आणलाय, नायलॉनचा दोर टाकतोय शिंगांत." मी ओरडलोच, शिंगांना आणि मानेला दोर लावू नका, मी निघालोय.

बिनकठड्याची विहीर, आणि तळाच्या गाळात खिलार बैल धापा टाकत उभा. भूल देण्याची सोय नव्हती. झायलाझिन या गुंगीच्या औषधाला गाई-बैल फार हळवे, थोड्या डोसातही मान टाकतात, आणि पाण्यात मान टाकली की खेळ खलास. म्हणजे शुद्धीतल्या बैलालाच उचलायचं. एक पट्टा पुढच्या पायांमागं छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांपुढं. लोकांकडं होता बोटभर जाडीचा नायलॉन. तो ओल्या अंगावर घसरतो, ताण आला की लांबतो, आणि चार-साडेचारशे किलोचा भार एका रेघेवर येऊन कातडं फाडतो.

कुणीतरी वस्तीवर पोरगं पिटाळलं. मातंग वस्तीतलं ते दोर वळणारं जोडपं, मामा आणि मावशी, माझ्या ओळखीचं. ओढ्यात त्यांनी केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं कुजत घातली की तो वास रस्त्यापर्यंत यायचा. कुजलेली पानं ठेचायची, धुवायची, निघालेला वाख म्हणजे धागे वाळवायचे. त्या रसानं अंगाला खाज सुटते; मावशींच्या कोपरापर्यंत कायमचे चट्टे. दोर वळायला माणसं दोन लागतात. मामा फिरकी फिरवत मागं मागं सरकणार, मावशी वाख पुरवणार. एक तापानं पडला की दुसऱ्याचाही खाडा. बेंदराला कासरे, दावी, म्होरक्या खपतात तीच मोठी कमाई, बाकी वर्षभर गिऱ्हाईक नायलॉनच्या मागं.

दोघं आली ती बाजारासाठी वळून ठेवलेला माल खांद्यावर टाकूनच. मी काय हवं ते सांगितलं. मावशींनी चार कासरे जमिनीवर शेजारी शेजारी अंथरले, मामांनी सुतळीनं आडवे टाके घालत पट्टा बांधायला घेतला. लांबी कमी पडत होती. मी म्हणालो, गाठ मारा. "गाठ बरगडीत रुतंल की," असं म्हणत मावशींनी दोराचं टोक उलटं पिळलं, तिन्ही पेड मोकळे केले आणि दुसऱ्या दोराच्या पेडांत एकाखालून एक सारले. मग टाचेखाली धरून ओढला. जोड कुठाय ते हात फिरवून शोधावं लागलं. एरवी कामात एकमेकांवर खेकसणारी ही दोघं त्या अर्ध्या तासात अवाक्षर बोलली नाहीत. तिचा हात पुढं झाला की याच्या हातातली सुतळी तिथं असायची.

मी आणि दोन पोरं खाली उतरलो, पट्ट्याखाली गोणपाट घालून बैल बांधला. जेसीबीनं उचलला तेव्हा कासरे करकरले, पण धरून राहिले. वर आल्यावर मी पाय तपासले. हाड शाबूत होतं, खरचटलं होतं तेवढंच. पट्टे मात्र चिखलात माखलेले आणि घाईत विळ्यानं कापलेले. ते आता कोण विकत घेणार?

मालकानं जेसीबीवाल्याला नोटा मोजून दिल्या. माझी सरकारी पावती फाडून झाली. लोक पांगायला लागले तेव्हा मावशी म्हणाल्या, "आन दोराचं?"

एक म्हातारबा हसले. "गावाचं जनावर वाचलं, दोराचं काय घिऊन बसलीस?"

"असू दे गं," मामा पुटपुटले.

"का असू दे? जेसीबीवाल्याला ते गावाचं जनावर न्हवतं व्हय?"

कुणी बोलेना. मालक म्हणाला, सुगीला ज्वारी घालतो. बलुत्याचा हिशेब तो. दोर वर्षभर पुरवायचा आणि खळ्यावर पदर पसरायचा. बलुतं बंद होऊन जमाना झाला, तरी तो माणूस हे अगदी सहज बोलून गेला. मलाच लाज वाटली.

"ज्वारी नगं. रोख द्या. डाक्टर, तुमी लिवा." मी औषधाच्या चिठ्ठीमागं लिहिलं: कासरे आठ, सुतळी, दोघांचा अर्धा दिवस. शेवटची बाब मावशींनी सांगितली तेव्हा मामांनीही मान वर करून बघितलं.

निम्मे पैसे तिथंच मिळाले. उरलेले आणायला मावशी बेंदराच्या दुपारी, बैल मिरवणुकीला निघायच्या आधी मालकाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि घेऊनच परतल्या.