नाव नव्हे, माप सांगा : पद्मिनीच्या सुट्या भागांसाठी नौपाडा ते तुर्भे

आमच्या घरी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी आगाऊ पैसे भरून आणि बरीच वाट पाहून ती घेतली होती. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या मागे, जांभळाच्या झाडाखाली तिची जागा ठरलेली आहे. बाबा गेल्यापासून ती मी चालवते, आणि चालवते म्हणजे खरोखरच चालवते. आठवड्यातून दोन-तीन वेळा बाजारहाट, आईचे दवाखाने आणि सणासुदीला नातेवाईक, ही सगळी कामे तिच्यावरच होतात. प्रदर्शनात मांडून ठेवण्याची गाडी असती, तर एखादा भाग वर्षभर मिळाला नाही तरी चालले असते. वापरातल्या गाडीला मात्र रोजच्या झिजेचे भाग वेळच्या वेळी लागतात, आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी मी आणि आमचे मेस्त्रीकाका त्याच कामासाठी ठाण्यातून नवी मुंबईकडे निघालो.

इंजिनाच्या ठिणगीचे पॉइंट आणि कंडेन्सर, गिअरच्या दांड्यांचे बुश (सांध्यातल्या पिनेभोवतीच्या छोट्या नळ्या), मागच्या चाकांच्या ब्रेकचे रबर किट, रेडिएटरचा वरचा होज पाइप, ऑल्टरनेटरचे बेअरिंग आणि टेललॅम्पची डावी काच इतके सामान हवे होते. यांतला एकही भाग दुर्मिळ म्हणावा असा नाही. पंचवीस वर्षांपूर्वी बाबा यातील बहुतेक वस्तू संध्याकाळी कचेरीतून परतताना स्टेशनजवळच्या दुकानातून घेऊन येत असत. त्या काळी तसे करता येत होते, याचे खरे कारण आमच्यासारख्या खासगी मालकांपेक्षा टॅक्सी हे होते. १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० डिलाइट या नावाने बाहेर पडू लागलेली आणि १९७४ साली पद्मिनी झालेली ही गाडी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे दुसरे नावच बनली होती. दिवसाचे चोवीस तास पळणाऱ्या टॅक्सींना सतत भाग लागत, म्हणून ते बनत राहत, आणि बनत म्हणून आम्हालाही मिळत. २००१ साली गाडीचे उत्पादन थांबले तरी ही साखळी लगेच तुटली नाही. २००३च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तेव्हापासून काउंटरवर 'पद्मिनीचे अमुक द्या' असे म्हटले की तरुण दुकानदार नुसताच माझ्याकडे पाहतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण ती गाडी त्याने कधी दुरुस्त होताना पाहिलेली नाही.

मेस्त्रीकाकांचे चरईत छोटे गॅरेज होते. आता मुलगा दुचाकींची कामे करतो आणि काका ओळखीच्या दोन-चार जुन्या गाड्या सांभाळतात. निघताना त्यांनी एकच अट घातली. "ताई, दुकानात तुम्ही गाडीचं नाव घ्यायचं नाही. वस्तू काढून समोर ठेवायची आणि माप सांगायचं." त्यांच्या खिशात बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर होता आणि माझ्याजवळ बाबांची वही. त्या वहीत त्यांनी १९८६पासूनचा प्रत्येक भाग, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले आहेत, मात्र माप एकाही ठिकाणी नाही. त्यांना त्याची गरजच पडली नव्हती.

पहिला थांबा स्टेशनच्या पश्चिमेला, गाड्यांच्या इलेक्ट्रिक सामानाच्या एका जुन्या दुकानात. गाडी सकाळी थंड असताना सुरळीत सुरू होत असे आणि अर्ध्या तासाने, इंजिन तापले की अडखळत बंद पडत असे. अर्धा तास उभी ठेवली की पुन्हा चालू. काकांनी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची, टोपी उघडून मला पॉइंट, म्हणजे प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क, दाखवले. त्यांच्या तोंडांवर काळपट जळका थर चढला होता आणि एका बाजूला खळगा पडला होता. पॉइंट उघडताना उडणारी ठिणगी शोषून घेणे हे कंडेन्सरचे काम असते, आणि तो उष्णतेने कमकुवत झाला की ठिणगी पॉइंटलाच खाऊ लागते. म्हणून नुसते पॉइंट बदलून भागत नाही. दुकानातल्या वृद्ध गृहस्थांनी पेटीतून पॉइंटचा एक संच काढून दिला. तो शेवटून दुसरा होता, म्हणून मी दोन्ही घेतले. कंडेन्सर मात्र पद्मिनीचा नव्हताच. त्यांनी साधारण पाव मायक्रोफॅरड क्षमतेचा, तशाच पट्टीचा आणि तेवढ्याच लांबीच्या वायरचा दुसऱ्या गाडीचा कंडेन्सर दिला. विजेला गाडीचे नाव कळत नाही, तिला क्षमता जुळली की पुरते. काकांनी दुकानासमोरच रस्त्याच्या कडेला तो बसवला, फीलर गेजची पातळ मापपट्टी घालून पॉइंटमधले अंतर ०.४ मिलिमीटरच्या किंचित वर ठेवले आणि आम्ही पुढे निघालो.

नितीन जंक्शनवरून वागळे इस्टेटकडे वळलो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी इथेच झाली, आणि एके काळी या वसाहतीत मापाने बनवून मिळणार नाही अशी वस्तू क्वचितच असेल. आता कितीतरी कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत. तरीही आतल्या रस्त्यांवर काही गाळ्यांतून लेथचा आवाज अजून येतो, आणि तो ऐकू आला की मला फार बरे वाटते. अशाच एका गाळ्यात लेथवर काम करणारे एक साठीचे टर्नर एकटेच असतात. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या खांबावर असतो. तिथून इंजिनाच्या कप्प्यातून दांड्या आणि सांधे गिअरबॉक्सपर्यंत जातात, आणि प्रत्येक सांध्यात एक बुश असतो. बुश थोडे थोडे झिजले तरी सगळ्यांची झीज एकत्र होऊन लिव्हर हातात लोंबू लागतो आणि दुसरा गिअर शोधावा लागतो. गेले वर्षभर मी तो शोधत होते.

गाळ्यासमोर बॉनेट उघडून काकांनी पिना काढल्या आणि बुश टर्नरकाकांच्या हातात ठेवले. झिजलेल्या वस्तूचे माप घेऊन उपयोग नसतो, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकले. बुशचे भोक लंबगोल झाले होते आणि पिनही बुश फिरत असलेल्या जागी कमी झाली होती. टर्नरकाकांनी पिन उलटसुलट पाहिली, आणि बुशच्या बाहेर राहिलेला, कधीच न घासलेला टोकाचा भाग शोधून तिथे व्हर्नियर लावला. मूळ माप १२ मिलिमीटर. झिजलेल्या जागी ११.६. "मूळ माप नेहमी कोपऱ्यात लपलेलं असतं," ते म्हणाले. पिनाही नव्याच करायच्या असे ठरले. बुश नायलॉनचे करा, असे मी सुचवले, तेव्हा त्यांनी कारणासह नकार दिला. नायलॉन दमट हवेत पाणी शोषून फुगतो आणि ठाण्याच्या पावसाळ्यात पिनेला जखडू लागतो. त्यापेक्षा डेल्रिन हे टणक प्लास्टिक बरे, ते पाणी फारच कमी घेते. मग पांढऱ्या डेल्रिनच्या दांड्यातून एकेक बुश उतरताना मी तिथेच स्टुलावर बसून पाहिला. बाहेरचा व्यास ते शतांश मिलिमीटरपर्यंत सावकाश आणत होते आणि प्रत्येक वेळी लेथ थांबवून मोजत होते. मोटारीच्या दुकानात मिळणारा बुश पाच मिनिटांत हातात पडला असता, पण तो इतका नेमका बसला असता असे मला वाटत नाही. मी प्रत्येक बुशचा एक जास्तीचा नग करून घेतला आणि मापे तिथेच वहीत लिहिली.

तिथून पुढचा सगळा रस्ता मी वेगळ्याच गाडीत बसल्यासारखा केला. लिव्हर खाली ओढला की दुसरा गिअर एका ठाम टकटकाटासह पडत होता. कोर्ट नाका, खाडीवरचा कळव्याचा पूल, आणि मग विटाव्याच्या रेल्वेपुलाखालची नेहमीची कोंडी. तिथे पंचवीस मिनिटे आम्ही जवळजवळ एका जागी होतो. उन्हाचा ताप, पुढे टेम्पो, मागे बस, आणि तापमानाचा काटा वर सरकत असलेला. याच प्रकारच्या कोंडीत ही गाडी मागच्या महिन्यात दोनदा बंद पडली होती. या वेळी इंजिन एकदाही अडखळले नाही. काका काही बोलले नाहीत, फक्त काच खाली करून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले.

विटाव्यानंतर ठाणे-बेलापूर रस्ता दिघा, ऐरोली, रबाळे असा सरळ धावतो. डाव्या हाताला पारसिकची डोंगररांग आणि कारखाने, उजवीकडे रेल्वेमार्ग आणि त्यापलीकडे वसाहती. रबाळ्याला हायड्रॉलिक सील विकणाऱ्या एका दुकानात ब्रेकच्या रबरांची चौकशी केली. या बाबतीत मी मुद्दाम सावध आहे. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून आणलेल्या, डबीवर ओळखीचे चित्र असलेल्या किटमधली रबरे चार महिन्यांत फुगली, मागच्या चाकातून ब्रेक ऑइल झिरपू लागले आणि घोडबंदर रस्त्याच्या उतारावर पेडल निम्म्याहून अधिक खाली गेले. आई गाडीत होती. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि प्रत्येक चाकातल्या सिलिंडरमध्ये ही रबरी वाटी दाब अडवून धरते. ती ब्रेक ऑइलला टिकणाऱ्या रबराचीच असावी लागते, कारण इंजिन ऑइलसाठी केलेले रबर ब्रेक ऑइलमध्ये टिकत नाही. माप जुळले पण रबर वेगळे निघाले, तर ते न जुळल्याहून वाईट.

जुन्या सिलिंडरचा आतला व्यास १९ मिलिमीटरच्या किंचित वर भरला आणि काका लगेच म्हणाले, "पाऊण इंच." मेट्रिक नटबोल्टांच्या गाडीत ब्रेकचे माप इंचात निघाले, याचे मला नवल वाटले. दुकानदाराकडे त्या मापाच्या वाट्या होत्या, पण त्या कोणत्या द्रवासाठी आहेत हे मी विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले, "या तेलासाठी आहेत, ब्रेकला लावू नका." त्याने मला तुर्भ्यातल्या ब्रेकचेच काम करणाऱ्या माणसाकडे पाठवले. पन्नास रुपयांची विक्री सोडून मला योग्य जागी पाठवणाऱ्या त्या तरुणाबद्दल मला आदर वाटतो.

तुर्भे आणि एपीएमसी (कृषी उत्पन्न बाजार समिती) बाजाराचा परिसर हा ट्रकचा मुलूख आहे. कांदा-बटाटा, मसाले, फळे घेऊन देशभरातून ट्रक येतात, आणि त्यांच्यासाठी बेल्ट, होज, बेअरिंग, क्लॅम्प विकणारी दुकाने रांगेने आहेत. मोठ्या गाड्यांच्या या बाजारात आपले काय काम, असे मला आधी वाटत असे. प्रत्यक्षात नाव न विचारता माप विचारण्याची सवय इथल्यासारखी दुसरीकडे नाही. ऑल्टरनेटरमधून निघालेल्या बेअरिंगवर ६२०३ हा क्रमांक होता. हा क्रमांक जगभर एकच असतो : आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२ मिलिमीटर. पिठाच्या गिरणीच्या मोटरीत असो वा मोटारीत, बेअरिंग तेच. फक्त दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले आणि गाडीच्या वेगाला व उष्णतेला चालणारे चांगल्या कंपनीचे मागून घ्यावे. दोन मिनिटांत काम झाले.

होज पाइपला जास्त वेळ लागला. रेडिएटरच्या वरच्या पाइपला एक विशिष्ट वळण असते. सरळ पाइप वाकवून बसवला तर तो वळणावर दबतो आणि पाणी अडते. दुकानाच्या छताला शंभरेक वाकडे होज टांगलेले होते. आमचा जुना तुकडा हातात धरून दुकानातला मुलगा शिडीवर चढला आणि एकेक जुळवत गेला. शेवटी एका छोट्या टेम्पोचा लांब होज निघाला, ज्याच्या मधल्या भागाचे वळण तंतोतंत आमचे होते. दोन्ही टोके कापल्यावर तो जणू पद्मिनीसाठीच केलेला दिसू लागला. त्याच दुकानातून पेट्रोलची नळीही दोन मीटर घेतली. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने मऊ पडते किंवा तडकते, म्हणून इथेनॉलला टिकणारी नळीच हवी, असे काकांनी बजावले. पेट्रोल पंपातला, म्हणजे जुने मेस्त्री ज्याला एसी पंप म्हणतात त्यातला, पडदाही याच कारणाने पुढच्या महिन्यात बदलायचा आहे. जुनी गाडी जपणाऱ्यांनी इतर सगळे थांबवून आधी या नळ्या तपासाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गरम इंजिनावर गळणारे पेट्रोल ही वाट पाहण्याची गोष्ट नव्हे.

ब्रेकच्या माणसाने सिलिंडर हातात घेऊन आधी आत बोट फिरवले. गंजाचे बारीक खड्डे होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि तो ओलावा आतून लोखंड खातो. अशा खडबडीत भिंतीवर कितीही चांगली वाटी घातली तरी ती कापली जाणार. त्यामुळे त्याने नुसते किट विकायला नकार दिला आणि दोन्ही सिलिंडरांत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह, म्हणजे आतली पातळ नळी, बसवून, त्यात योग्य रबरे घालून आठवड्याने देण्याचे कबूल केले. जुने सिलिंडर आम्ही खोक्यातून नमुन्यासाठी आणले होते, गाडीवर सध्या तात्पुरती दुसरी जोडी आहे, म्हणून ते तिथेच ठेवता आले.

टेललॅम्पच्या काचेसाठी परतताना महापेवरून शिळफाट्याकडे वळलो. रस्त्यालगतच्या भंगाराच्या गोदामांत तासभर फिरलो. दारे, चाके, सीटचे सांगाडे, एका कोपऱ्यात टॅक्सीच्या टपाचा निघालेला पिवळा पत्राही दिसला, पण काच कुठेच नव्हती. इथे काकांची युक्ती चालत नाही. होज कापता येतो, बुश कातता येतो. त्या लाल काचेला माप नाही, तिला फक्त आकार आहे, आणि तो आकार दुसऱ्या कोणत्याही गाडीचा नाही.

अंधार पडता पडता मुंब्र्यामार्गे ठाण्यात आलो. आईने चहा टाकला आणि काका वहीतली दिवसभराची मापे मोठ्याने वाचून माझ्याकडून तपासून घेत राहिले. काचेच्या ओळीपुढे मी डावी फुटलेली आणि उजवी शाबूत असे लिहिले आहे. उजवी उतरवून तिचा साचा करून देणारा कोणीतरी रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे, असे तुर्भ्याच्या दुकानात कळले होते. पुढच्या शनिवारी सिलिंडर आणायला जाऊ, तेव्हा ती काच कापडात गुंडाळून बरोबर न्यायची आहे.