चप्पल काट्यापाशीच राहिली

त्या मंगळवारी काकूंचा पॅक्लिटॅक्सेलचा, म्हणजे कॅन्सरवरच्या किमोच्या औषधाचा, नववा डोस होता. दर आठवड्याला एक, असे एकूण १२. वजन करून त्या खुर्चीपर्यंत चालत आल्या आणि त्यांच्या मागोमाग आमचे वॉर्डातले मामा एक चप्पल हातात घेऊन आले. "काकू, ही तुमचीच ना? काट्यापाशी राहिली." काकूंनी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी. वीस-पंचवीस पावलं गार फरशीवरून आल्या, पण पायाला पत्ता नव्हता.

माझ्या पोटात गोळा आला. कारण आठ आठवडे मीच त्यांना विचारत होते, "हातापायांना मुंग्या नाहीत ना?" त्या म्हणायच्या, "नाही हो सिस्टर, सगळं बरंय." मी फाइलवर 'नाही' लिहून सलाईन लावायला वळायचे. 'नाहीत ना' असं विचारल्यावर माणूस दुसरं काय सांगणार?

स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. "काकू, ब्लाउजचे हुक कोण लावतं?"

काकू गप्प. लेक म्हणाली, "तीन आठवडे झाले, मीच लावते."

काकू बार्शीकडच्या, घरी शिवणकाम करणाऱ्या. सुईत दोरा ओवणं बंद झालं होतं, टाचणी चिमटीत धरली की नाही ते बघून ठरवावं लागत होतं, आणि हे सगळं त्यांनी दडवलं होतं. "तुम्ही डॉक्टरांना सांगाल, ते औषध बंद करतील. अर्ध्यात सोडलं आणि गाठ परत आली तर?" हे बोलताना त्यांचे डोळे भरले. ही भीती मी किती बायकांच्या तोंडून ऐकली आहे!

पॅक्लिटॅक्सेल पेशींमधल्या अतिसूक्ष्म नळ्यांना जखडतं, त्यामुळे कॅन्सरच्या पेशींचं विभाजन थांबतं. पण नसांमधली ने-आणही अशाच नळ्यांवरून चालते. सर्वांत लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून बहुतेकांना आधी तळवे बधिर होतात, मग हात. त्यात काकूंना जुनी साखर, म्हणजे धोका मुळातच जास्त.

त्यांच्या पिशवीत 'नसांच्या गोळ्यां'ची पाकिटं निघाली, मेडिकलवाल्याने दिलेली. उलटून पाहिलं तर त्यात ॲसिटिल-एल-कार्निटिन. या औषधाचा अमेरिकेत अशीच किमो घेणाऱ्या ४०९ बायकांवर अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो छापून आला. गोळी घेणाऱ्यांच्या नसांचा त्रास २४ आठवड्यांनी कमी नव्हे, उलट जास्त निघाला. हा त्रास टाळेल अशी खात्रीची गोळी आजही नाही. म्हणून कृपा करून, किमो चालू असताना डॉक्टरांना न विचारता काहीही घेऊ नका, साधं 'व्हिटॅमिन' म्हणून दिलेलंसुद्धा.

डॉक्टरांनी त्या दिवशीचा डोस पुढे ढकलला, पुढचा कमी केला. काकूंजवळ बसून सांगितलं, "डोस कमी करणं म्हणजे उपचार सोडणं नाही." काकूंनी ते दोनदा म्हणवून घेतलं.

आणखी एक गोष्ट मला टोचते. औषध सुरू होण्याच्या १५ मिनिटं आधीपासून ते संपल्यावर १५ मिनिटांपर्यंत आम्ही गार जेलचे हातमोजे-पायमोजे घालतो. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, बोटांपर्यंत औषध कमी पोचतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण काहींचा त्रास कमी होतो. दुसऱ्या डोसला काकू म्हणाल्या, "फार गार लागतंय," आणि मी मोजे काढू दिले. आत पातळ सुती मोजे घालून बघता आलं असतं, मध्ये दोन मिनिटं सोडून पुन्हा लावता आले असते. (ऑक्झॅलिप्लॅटिन हे किमोचं दुसरं औषध घेणाऱ्यांना मात्र हे मोजे अजिबात नाहीत. त्यांना गारव्यानेच झिणझिण्या उठतात, फ्रीजचं पाणीसुद्धा नको.)

त्या दिवशी लेकीला सांगितलं: आंघोळीचं पाणी आईने बोटांनी बघायचं नाही, तू बघ. मागे पट्टा असलेली चप्पल घे. रोज रात्री तळवे उजेडात पाहा, जखम झाली तरी तिला कळणार नाही.

उपचार संपल्यावरही हा त्रास काही महिने वाढू शकतो, म्हणून काकूंना मी अधूनमधून फोन करते. हात आता बरे आहेत, दोरा ओवता येतो. पाय अजून नाही. "पायडल कळत नाही," त्या परवा म्हणाल्या, "मशीनच्या आवाजावरून चालवते."