बाईंनी आखून दिलेली वही

शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास आम्हाला शेवटचा असायचा. घंटेकडे कान लावून आम्ही तो कसाबसा काढायचो. बाईंना ते कळत असणार, तरी त्यांनी कधी घाई केली नाही. पाच वर्षं त्यांनी आमच्याकडून स्तोत्रं पाठ करून घेतली, आणि तीही नुसती दिलासा देणारी नव्हेत. 13 वं स्तोत्र, ज्यात दावीद राजा देवाला पुन्हा पुन्हा 'कोठवर?' असं विचारतो. 88 वं, जे अंधारातच संपतं. "हीसुद्धा प्रार्थनाच आहे," एवढंच त्या म्हणायच्या आणि पुढच्या मुलीला उभं करायच्या.

बायबलमधला नहेम्या हा त्यांचा खास आवडता. यरुशलेम शहराचा कोट पडलेला, बांधायला घेतला तर भोवतालचे लोक आधी हसले, मग चालून येण्याचा बेत करू लागले. नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. त्याच्या नावाच्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, एकाच वचनात या दोन्ही गोष्टी आहेत. बाई फळ्यावर 'प्रार्थना आणि पहारा' असं लिहायच्या आणि मधल्या 'आणि'खाली जाड रेघ ओढायच्या. एका हातात हत्यार धरून, दुसऱ्या हाताने काम करून त्या लोकांनी 52 दिवसांत कोट पुरा केला. परीक्षेत हा आकडा हमखास विचारला जाई. माझ्या लेखी तेव्हा तो फक्त एका गुणाचा होता.

माझ्या नवऱ्याला 41 व्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलं 11 आणि 7 वर्षांची. रुग्णालयातून घरी आणलं तेव्हा सगळं माझ्यावर आलं. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर 2 तासांनी कूस बदलायची, ठसका लागू नये म्हणून बसवूनच चमच्याचमच्याने भरवायचं, लुळा पडलेला हात दिवसातून अनेकदा हलवायचा. सुधारणा व्हायची ती पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त होते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे एकही दिवस वाया गेला की छातीत धस्स व्हायचं.

लोक भेटायला येत. "देव परीक्षा पाहतोय", "तुझा विश्वास पक्का असेल तर ते उठून बसतील", असं काहीजण म्हणत. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ते दुसरं वाक्य मी आजही कोणाला म्हणू देत नाही. नवरा उठला नाही तर तो दोष माझ्या विश्वासाचा, असा त्याचा अर्थ होतो. बायबलमधल्या, दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि तिथंच चुकले. माझी प्रार्थना तर थांबलीच होती. हात जोडले की राग यायचा, आणि रागाची भीती वाटायची.

अशात एक दिवस बाई आल्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे दुखत होते. त्यांनी वचन सांगितलं नाही की डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली नाही. बराच वेळ यांच्या उशाशी बसल्या. मग म्हणाल्या, "एक कोरी वही आण आणि पट्टी दे."

त्यांनी पानावर रकाने आखले. औषध, कूस, व्यायाम, जेवण, झोप. मला रात्री 4 तास सलग झोप मिळावी म्हणून चर्चच्या मंडळीतल्या कोणी कोणत्या रात्री यायचं, तेही त्यांनीच ठरवलं आणि स्वतः जाऊन सांगितलं. शेवटचा रकाना आखून वर लिहिलं, प्रार्थना.

"बाई, ते जमत नाही," मी म्हणाले.

"नको जमू दे. त्या दिवशी तिथं 'कोठवर' लिही. पण रकाना रिकामा ठेवायचा नाही."

इतकं सांगून त्या यांच्याकडे वळल्या आणि त्यांचा उजवा हात हातात घेऊन बोटं एकेक करून उघडू लागल्या. मग काय आठवलं कोण जाणे, पंडिता रमाबाईंबद्दल बोलल्या. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः गेल्या, पण तोवर मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी हातातून सोडलं नाही. "दुःख उरकून मग कामाला लागायचं म्हटलं असतं, तर ते काम झालंच नसतं," बाई म्हणाल्या. बोटं उघडणं चालूच होतं.

ती वही माझ्याकडे आहे. शेवटच्या रकान्यात सलग 19 दिवस 'कोठवर' आहे. अक्षर वेडंवाकडं, एके ठिकाणी पेनाने कागद फाटलेला. त्याच दिवसांचे बाकीचे रकाने मात्र भरलेले आहेत, एकही कूस चुकलेली नाही. माझा विश्वास तेव्हा कुठं होता असं कोणी विचारलं, तर मी त्या रकान्यांकडे बोट दाखवीन. तेव्हा मला ते कळत नव्हतं.

हे आता काठी घेऊन चालतात. शब्द सापडायला वेळ लागतो. उजवा हात परत आला नाही, त्यासाठी मी अजूनही मागते. बाई तीन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेल्या. 20 व्या दिवसाच्या पानावर माझं अक्षर नाही. त्या रात्री मला बसल्या बसल्या झोप लागली होती, आणि मोठ्या मुलीने सगळे रकाने भरले होते. शेवटच्या रकान्यात तिने लिहिलंय, "आई झोपली, म्हणून मी केली."