सहा खंडांतला चौथा

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

आज सकाळी 'अर्थसी' या इंग्रजी अद्भुतकथामालिकेचे सहाही खंड कापडी पिशवीत घालून बाइंडिंग करणाऱ्या काकांकडे घेऊन गेले आणि सहाही तसेच परत घेऊन आले. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या दुकानात वह्या-चोपड्यांचे गठ्ठे छताला टेकले होते, आणि एवढ्या घाईत माझ्या जुन्या इंग्रजी पुस्तकांसाठी वेळ मागताना मला संकोच वाटत होता. त्यांनी मात्र एकेक पुस्तक हातात घेऊन, कणा वाकवून, पाने अंगठ्याखालून सोडत नीट पाहिले. या पुस्तकांना फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, नाहीत, सुटी पाने नुसती चिकटवलेली आहेत, त्यामुळे जुजबंदी, म्हणजे घडीतून शिवण, करता येणार नाही, कडेने भोके पाडून शिवावे लागेल आणि मग आतला समास जवळजवळ संपेल, हे त्यांनी एका पानावर बोट ठेवून दाखवले. शेवटी म्हणाले, "ताई, दिवाळीआधी एकच घेतो. बाकीची पाच तुळशीचे लग्न झाल्यावर आणा. आधी कोणते करू, तेवढे सांगा."

एवढ्या साध्या प्रश्नाला मला तिथे उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही. गरजच पाहायची तर पहिला मान दुसऱ्या खंडाचा, 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन'चा. त्याची मधली वीस-पंचवीस पाने सुटली आहेत, कित्येक वर्षे तो रबर बँडमध्ये बांधून ठेवलेला आहे, आणि एका उन्हाळ्यात विरघळलेल्या रबराचा डाग मुखपृष्ठावर कायमचा बसला आहे. ही सगळी दशा वाचून वाचून झालेली आहे. तरीही काकांनी विचारले तेव्हा मनात आधी आला तो चौथा, 'तेहानू', ज्याची पाने अजून बऱ्यापैकी धरून आहेत. असे का झाले, ते आज रात्री शांतपणे लिहून पाहण्यासाठी बसले आहे.

अर्सुला ल ग्विन यांचे या मालिकेतले पहिले तीन खंड १९६८, १९७१ आणि १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर अठरा वर्षे त्यांनी अर्थसीची एकही कादंबरी प्रसिद्ध केली नाही, आणि १९९० साली 'तेहानू' आला. कथेच्या काळात मात्र मध्ये एक दिवसही गेलेला नाही. तिसऱ्या खंडाच्या अखेरीस महाजादूगार गेड कालेसिन या ड्रॅगनच्या पाठीवर बसून निघून जातो आणि चौथ्या खंडात तोच ड्रॅगन त्याला गाँट बेटावर आणून उतरवतो. तेवढ्या एका उड्डाणाच्या अवधीत लेखिका चाळिशीतून साठीत पोहोचली होती, आणि माझ्या मते चौथ्या खंडाचे सगळे वेगळेपण या एका गोष्टीत आहे. लेखिका आपल्याच जगात परत आली आणि पहिल्या तीन खंडांत कुणाकडे पाहायचे राहून गेले होते, ते तिला दिसले.

पहिल्या खंडाचे माझ्यावर ऋण आहे. गाँटवरचा शेळ्या राखणारा मुलगा रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात जाऊन जादूगार होतो, अहंकारापोटी एक सावली जगात मोकळी सोडतो आणि अखेरीस पळणे थांबवून स्वतःच तिच्या मागे लागतो, ही गोष्ट मी कॉलेजच्या पहिल्या वर्षी वाचली. तो मुलगा तांबूस तपकिरी वर्णाचा आहे आणि पूर्वेकडून लुटायला येणारे कार्ग लोक गोरे आहेत, हे वाक्यांच्या ओघात इतके सहज येते की मी ते वाचून पुढे गेले आणि दोन पानांनंतर थबकून परत मागे आले. तोपर्यंत मी वाचलेल्या इंग्रजी अद्भुतकथांत असा नायक मला भेटलेला नव्हता. पुढे २००४ साली दूरचित्रवाणीवरच्या रूपांतरात गेडला गोरा केला गेला, तेव्हा ल ग्विन यांनी जाहीरपणे तीव्र नाराजी व्यक्त केली होती. त्यांनी ती केली, याचे मला आजही समाधान आहे.

तिसऱ्या खंडाविषयी मला आदर आहे, ओढ नाही. २००१ साली आलेले शेवटचे दोन, म्हणजे कथासंग्रह आणि 'दी अदर विंड' ही कादंबरी, मला प्रिय आहेत, पण ते प्रेम चौथ्यामुळे निर्माण झालेले आहे.

खरी निवड दुसऱ्या आणि चौथ्यामध्येच आहे, आणि या दोन्ही खंडांची नायिका एकच आहे. तेनारला लहानपणीच आईवडिलांपासून तोडून अतुआनच्या थडग्यांची पुजारीण केले जाते, तिचे नाव काढून घेतले जाते आणि 'अर्हा', म्हणजे 'गिळली गेलेली', असे तिला म्हटले जाते. ज्या भुयारात दिवा न्यायला मनाई आहे, तिथे ती भिंतीला हात लावून, वळणे आणि दारे मोजत चालायला शिकते. ती पाने वाचताना मी कितीदा तरी डोळे मिटून खोलीच्या भिंतीवरून हात फिरवला आहे. बांधणीच्या दृष्टीने सहांमध्ये हाच खंड सर्वांत निर्दोष आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अखेरीस तेनार गेडबरोबर त्या अंधारातून बाहेर पडते, तिच्या मनगटात एरेथ-अक्बे या प्राचीन वीराचे, तुटून पुन्हा जोडले गेलेले कडे असते, आणि हॅव्हनॉर या राजनगरीच्या बंदरात लोक त्यांच्या स्वागताला लोटतात. पुस्तक तिथे संपते. त्या वयात मला पुढचा प्रश्न सुचलाच नाही. या मुलीचे पुढे काय झाले, ती सकाळी उठून काय करू लागली, कुणाच्या घरात राहिली?

'तेहानू'मध्ये याचे उत्तर मिळते, आणि पहिल्यांदा वाचले तेव्हा ते मला अजिबात आवडले नव्हते. तेनारने ओगियन या थोर जादूगाराकडची विद्या सोडून एका शेतकऱ्याशी लग्न केले, दोन मुले वाढवली, आणि आता ती गोहा नावाने ओळखली जाणारी मध्यमवयीन विधवा आहे. आईबापांनीच छळून जाळात टाकलेली एक मुलगी तिने सांभाळायला घेतली आहे, आणि त्या मुलीचा अर्धा चेहरा आणि एक हात कायमचा करपला आहे. गेड परत येतो तो सगळी शक्ती खर्च करून आलेला, भित्रा झालेला, राजाची माणसे भेटायला आली तर डोंगरात लपून शेळ्या राखणारा. बाविसाव्या वर्षी मला वाटले की माझ्याकडून काहीतरी हिरावून घेतले गेले. आज वाटते की तीन खंडभर ज्यांच्याकडे माझी पाठ होती, त्या माणसांच्या समोर मला या खंडाने नेऊन बसवले.

नावांचीच गोष्ट घेते. अर्थसीमध्ये प्रत्येकाला एक हाक मारण्याचे नाव असते आणि एक खरे नाव, जे फार थोड्यांना सांगितले जाते. रास-नाव वेगळे आणि व्यवहारातले वेगळे ही पद्धत आपल्याकडेही आहे, त्यामुळे हे मला कधी परके वाटले नाही. पण तेनार, अर्हा आणि गोहा ही एकाच बाईची तीन नावे चौथ्या खंडात एकत्र वाचताना मला माझी आई आठवते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले नाव तिने पन्नास वर्षे वापरले, आणि माहेरचे नाव तिच्या धाकट्या मावशीखेरीज कुणाच्या तोंडी उरले नाही. ती मावशी फोनवर तिला त्या नावाने हाक मारायची तेव्हा आईचा आवाज बदलायचा. या खंडात गेड आणि तेनार एकमेकांना खऱ्या नावाने बोलवतात, तिथे मी दर वेळी थांबते.

आणि भांडी. तेनारचा मुलगा समुद्रावरून परत येतो, वारसा म्हणून शेत ताब्यात घेतो आणि जेवून उठताना ताट तसेच ठेवतो. ते बायकांचे काम आहे असे तो म्हणतो, आणि जो या स्वयंपाकघरात जेवतो त्याचे ते काम आहे असे ती सांगते, तेव्हा तो सरळ नकार देऊन निघून जातो. या मुलाला आपणच असे वाढवले, हे तेनारला त्या क्षणी कळते. महाकाव्याच्या पटावरच्या कथेत सागर, राज्ये आणि ड्रॅगन यांच्या बरोबरीने हा प्रसंग तितक्याच गांभीर्याने मांडला आहे, आणि कुठेही लेखिकेचा आवाज चढलेला नाही. बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट असते, अशी गाँटवरची म्हण त्यांनी पहिल्या खंडात स्वतःच लिहिली होती. बावीस वर्षांनंतर त्यांनी ती पुसली नाही, ती म्हण ऐकत जगणाऱ्या बायकांना बोलू दिले. आपल्या जुन्या पुस्तकांकडे पाहण्याची ही प्रामाणिक रीत मला फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे आधीचे तीन खंड खोटे ठरत नाहीत, उलट अधिक खोल होतात.

या खंडात दोष आहेत. शेवटची वीसएक पाने घाईची आहेत, खलपुरुष एकरंगी आहे आणि ड्रॅगनच्या येण्याने सगळे फार लवकर निस्तरते. पण त्याच पुस्तकात तो पंखा आहे. ओगियनच्या गावातल्या विणकराच्या घरी भिंतीवर एक जुना रेशमी पंखा उघडून लावलेला असतो. त्याच्या एका बाजूला हॅव्हनॉरचे मनोरे आणि उंची वस्त्रांतली माणसे रंगवलेली आहेत, दुसऱ्या, एरवी न दिसणाऱ्या बाजूला ड्रॅगन. विणकर तो पंखा उजेडासमोर धरतो तेव्हा दोन्ही चित्रे एक होतात, माणसांना पंख फुटतात आणि ड्रॅगन माणसांच्या डोळ्यांनी पाहू लागतात. सहाही खंडांतली सर्वांत मोठी गोष्ट ल ग्विन यांनी एका घरगुती वस्तूत, अर्ध्या पानात ठेवली आहे. आत्ता ते पान उघडून मी आतला समास पट्टीने मोजला. तो जेमतेम दीड सेंटिमीटर भरला. शिवणीत काही अक्षरे दबली तरी मला तो परिच्छेद पाठ आहे.

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

संध्याकाळी फक्त चौथा खंड घेऊन गेले. काकांनी गडद तपकिरी कापड दाखवले, ते मला पसंत पडले. टाके शक्य तितके कडेला घालतो, असे त्यांनी आपणहून सांगितले. मग पेन्सिल घेऊन विचारले, "कण्यावर सोनेरी अक्षरांत नाव काय घालू?"

याचा विचार मी केला नव्हता. जळालेल्या मुलीला पुस्तकभर सगळे थेरू म्हणतात, आणि तिचे खरे नाव अगदी शेवटी कालेसिनच्या तोंडून कळते. तेच नाव मुखपृष्ठावर छापलेले असते. म्हणजे वाचक पहिल्या पानापासून तिचे खरे नाव हातात धरून बसलेला असतो, आणि ते कुणाचे आहे हे मात्र त्याला ठाऊक नसते. इतकी वर्षे हे पुस्तक कपाटात उभे आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ते नाव वाचले आहे.

कण्यावर काही घालू नका, असे मी सांगितले. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिले, वहीत माझ्या नावापुढे "कणा कोरा" असे लिहून घेतले आणि शुक्रवारी संध्याकाळी यायला सांगितले.