सून बारीक करायचा क्लास काढतेय! – आमची वाटचाल

2014 मध्ये दादरला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळचे दोन तास भाड्याने घेतले आणि आहारतज्ज्ञ म्हणून मी सुरुवात केली. सासूबाई शेजारी सांगायच्या, सून बारीक करायचा क्लास काढतेय. त्यांचं फार चुकलं नव्हतं म्हणा, पहिलं दीड वर्ष कुणाला लग्नाआधी दहा किलो उतरवायचे, कुणाला बाळंतपणानंतरचं पोट, दुसरं काही नाहीच. एसएनडीटीतून एमएस्सी, मग इंटर्नशिप, मग इंडियन डाएटेटिक असोसिएशनची आरडीची, म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा, वॉर्डात नळीतून जाणाऱ्या फीडचे हिशेब, आणि आता लोकांना सांगतेय काय तर वडापाव सोडा.

कामाची दिशा बदलली ती लालबागच्या एका काकांमुळे. डायलिसिसवर होते आणि पोटॅशियम काही केल्या खाली येईना. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी टाकून द्या, हे काकूंना मी तीनदा सांगितलेलं, त्याही हो हो म्हणायच्या. शेवटी एका रविवारी घरीच गेले. काकूंनी माझ्यासमोर बटाटा उकळला, पाणी गाळलं आणि ते गाळलेलं पाणी सरळ आमटीच्या पातेल्यात! म्हणे "अगं, सगळं सत्त्व उतरतं त्यात, टाकवत नाही." आता ते सत्त्वच तर काकांना नको होतं, पण चाळीस वर्षं काटकसरीने घर चालवलेल्या बाईला फेकून द्या कसं सांगणार? मग काकांची आमटी वेगळ्या छोट्या पातेल्यात आणि ते पाणी बाकीच्यांच्या आमटीत, असं ठरलं. पुढच्या रिपोर्टात आकडा उतरला. तेव्हापासून किडनीच्या पेशंटचा चार्ट आम्ही स्वयंपाकघर बघितल्याशिवाय लिहीत नाही.

काकांचा मुलगा अंधेरी एमआयडीसीत एका कारखान्यात. 250 च्या वर कामगार असले की कँटीन द्यावं लागायचं, 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच होतं ते, पण त्यात काय शिजतं कोण बघतो? त्याने मला तिथे नेलं. मी मेनू बघितलाच नाही, महाराजांना विचारलं महिन्याला तेलाचे डबे किती लागतात. बारा. पंधरा किलोचा डबा, तीनशे माणसं, सव्वीस दिवस, म्हणजे एका जेवणात माणशी तेवीस ग्रॅम तेल, घरचं अजून वेगळंच! महाराज दोन महिने माझ्याशी धड बोलत नव्हते, भजी बंद करणार म्हणून. भजी नाही बंद केली, शुक्रवारवर नेली, आणि फोडणीला पळी मोजून दिली. आठ डब्यांवर आलो. वाचलेल्या पैशात रोज उसळ आली ताटात.

त्याच कँटीनला चटण्या देणारा भांडुपचा बचत गट, त्यांना पाकिटं दुकानात ठेवायची होती तर मागे पोषणाचा तक्ता हवा. हैदराबादच्या एनआयएनचे, म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेचे, 2017 चे फूड कंपोझिशन टेबल्स (कुठल्या पदार्थात काय किती असतं त्याचे तक्ते) घेऊन शेंगदाणा, लसूण, तिखट, मीठ, एकेक जिन्नस वजन करून तक्ता केला. चकलीला मात्र ते जमत नाही, किती तेल पिते ते घाण्यागणिक बदलतं, तिथे लॅबच लागते. हे लेबलचं काम कंटाळवाणं वाटतं खरं, पण 2020 च्या लॉकडाउनमध्ये आमचं भाडं त्यानेच भागवलं.

आपटलोही. एका जिमचं सहा महिने काम केलं, पैसे मागितले तर म्हणे आमची प्रोटीन पावडर विका, कमिशनमध्ये वळतं करू. सोडून दिलं. पैसे आजपर्यंत आलेले नाहीत.

आज आम्ही पाच जणी आहोत. एक फक्त डायलिसिस आणि कॅन्सरचे पेशंट बघते, एक शाळांचे डबे आणि मुलांचे खेळ, दोघी कँटीन, लेबल माझ्याकडे. वजन कमी करणारेही येतातच की, त्यांना कोण नाही म्हणतंय!

नवीन मुली विचारतात, मॅडम हॉस्पिटल करू की क्लिनिक टाकू. मी म्हणते आधी वॉर्डात वर्ष दोन वर्षं काढ, आजारी माणूस जेवताना बघ. गेल्या महिन्यात एका जागेसाठी चौघींना कँटीनमध्येच बोलावलं होतं. तिघींनी मेनू मागितला. चौथी कोठीच्या दारात उभी राहून रिकामे डबे मोजत होती, महाराजांनीच मला खुणेने दाखवलं. एक तारखेला जॉइन होतेय.