सात मात्रा, आणि तबला नाही

सांगलीत मी वाद्यवृंदासाठी संगीत लिहून देतो. स्नेहसंमेलनं, ऑर्केस्ट्रा, क्वचित एखादं नाटक. गेल्या हिवाळ्यात इंजिनिअरिंगची काही मुलं इंग्लिश रॉक गायक पीटर गॅब्रिएलचं 'सॉल्सबरी हिल' हे गाणं घेऊन आली. म्हणाली, "सर, गिटार आणि ड्रम अजिबात नकोत."

गॅब्रिएल १९७५ साली जेनेसिस या आपल्या रॉक बँडमधून बाहेर पडला. १९७७ मध्ये आलेल्या या गाण्यात त्या बाहेर पडण्याचीच गोष्ट आहे. पुढे २०११ मध्ये 'न्यू ब्लड' या अल्बमसाठी त्यानं आपली जुनी गाणी वाद्यवृंदावर नव्यानं बांधली, तीही ड्रम आणि गिटार वगळून. मुलांच्या कानात तेच बसलं होतं.

अशा आवृत्त्या मी कॉलेजपासून ऐकतो आहे. जेथ्रो टल या रॉक बँडची गाणी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रानं १९८५ मध्ये वाजवली, जेनेसिसची १९८७ मध्ये. या वाटेनं पुढे पुष्कळ जण गेले. यातल्या बऱ्याच रेकॉर्डी ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे. चाल व्हायोलिनच्या हाती दिली आणि मागे ड्रम तसाच ठेवला, की गाणं गुळगुळीत होतं. या बँडांच्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा, जीव तालाच्या बांधणीत असतो. ते ओझं वाद्यवृंदात कोण उचलणार, हे आधी ठरवायला हवं.

तालमीसाठी विश्रामबागेतला एक हॉल मिळाला. लग्नाची तिथी नव्हती, म्हणून मिरजेचे बँडवाले मोकळे होते. दोन क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, एक युफोनियम, म्हणजे खर्जातलं पितळी वाद्य. शिवाय पाच व्हायोलिन आणि तबला. मूळ गाणं पांढरी सातचं, म्हणजे हार्मोनियमची सातवी पांढरी पट्टी सा धरून. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट बोटांपेक्षा एक पूर्ण सूर खाली वाजतात, म्हणून त्यांना ते काळी एकच्या बोटांनी वाजवावं लागलं असतं, म्हणजे पानभर तीव्र-कोमलची खूण. मी अर्धा सूर उतरवून काळी पाच धरली. त्यांची बोटं सरळ पांढरी एकवर आली, व्हायोलिनवाल्यांनी तारा त्या सुराला मिळवल्या.

गाणं सात मात्रांचं. ऐकताच तबलेवाल्या दादांनी रूपक धरला, "ती ती ना, धी ना, धी ना", आणि मोजणी पहिल्या आवर्तनातच बसली. ज्या सातावर रॉक शिकणारी पोरं महिनोन्महिने अडखळतात, तो सात इथं कुणाला समजावूनही सांगावा लागला नाही. मला फार अभिमान वाटला. पण दुसरं कडवं येईपर्यंत गाण्याचं भावगीत झालं होतं. तबल्याची आस प्रत्येक मात्रेला लांबवत होती आणि मूळ गाण्यातली ती पुढे पुढे पडणारी पावलं जड झाली होती.

मी दादांना बाजूला घेऊन सांगितलं की तबला काढावा लागेल. ते क्षणभर थांबले, मग म्हणाले, "काढा. मी हातावर ताल देतो, सगळे माझ्याकडं बघू देत." आणि खरंच मध्ये उभे राहून ते टाळी-खाली दाखवू लागले.

मग सात मात्रा वाटल्या. दोन व्हायोलिन गज बाजूला ठेवून बोटानं तार छेडत प्रत्येक मात्रा देणार. उरलेली तीन गजाच्या टोकानं, आखूड फटक्यांत, दुगुन, म्हणजे एका मात्रेत दोन सूर. युफोनियम फक्त समेवर. आणि क्लॅरिनेटवर तीच दुगुन, एका आवर्तनात चौदा सूर, गाणं संपेपर्यंत.

थोरले क्लॅरिनेटवाले, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, त्यांनी कागद वाचून मान हलवली. "सर, दम कुठं घ्यायचा?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गजाला श्वास लागत नाही, माणसाला लागतो. मी पेन्सिल काढली, तोवर चाचा धाकट्याकडे वळले होते. "तू तीन धर, मी चार धरतो. वरातीत धरतो तसं." वरातीत चालता चालता सूर तुटू द्यायचा नसतो, एकाचा सूर संपायच्या आत दुसऱ्याचा लागलेला असतो. वर्षानुवर्षं रस्त्यावर कमावलेली ही सवय त्यांनी सरळ इथं आणली. डोळे मिटले तर एकच क्लॅरिनेट न थांबता चाललंय असं वाटत होतं, आणि तीन-चारच्या त्या सांध्यामुळे तालाला एक हलकी उचल मिळाली, जी माझ्या कागदावर नव्हतीच. आजवर ऐकलेल्या कितीतरी नामांकित रेकॉर्डींमध्ये मला जे सापडलं नाही, ते या हॉलमध्ये ऐकू आलं.

एक अडचण राहिली. ध्रुवपदाच्या शेवटची दोन आवर्तनं चारांत जातात, आणि साताची चटक लागलेले व्हायोलिनवाले तिथं कोसळायचे. तिथवर ट्रम्पेट गप्प ठेवला, चाराच्या पहिल्या मात्रेवर उघडला. बँडमध्ये चाल बदलायची खूण ट्रम्पेटच देतो, त्यामुळे बँडवाल्यांचे कान तिकडेच होते. व्हायोलिनवाले त्यांच्या मागोमाग आले.

संध्याकाळी मुलांनी पुढची फर्माईश केली: 'टार्कस'. इमर्सन, लेक आणि पामर या तिघांनीच १९७१ मध्ये वाजवलेली ही लांबलचक रचना ताकाशी योशिमात्सु यांनी पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिली आणि २०१० मध्ये टोकियो फिलहार्मोनिकनं ती वाजवली. सुरुवात पाचांत, आणि लय भलतीच चढी.

चाचा क्लॅरिनेट पुसत होते. "किती मात्रा?"

"पाच. पण याच्यापेक्षा बरीच द्रुत."

"मग दोघांत नाही भागायचं. पुतण्याला आणतो."