आमच्याकडे नळाला सोडा येतो

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, सोडा मात्र आमच्या घरी रोज येतो. तोही तीन तोट्यांना.

मुळात डोक्यात बिअर होती. परदेशात लोक जुन्या फ्रीझरला तोट्या बसवून घरीच चार तऱ्हेच्या बिअर ओढतात, ते व्हिडिओ बघून हे खूळ शिरलं. पण आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. प्यायलासुद्धा परवाना लागतो, विनापरवाना घरी बिअर बनवणं गुन्हा, आणि भरलेला केग (बिअरचं स्टीलचं पिंप) काही वाइन शॉपच्या काउंटरवर मिळत नाही. म्हणून यंत्र तेच ठेवलं, आतला माल बदलला: साधा सोडा, कोकम आणि आलं-लिंबू. पाहुण्यांसमोर काही झाकून ठेवावं लागत नाही, हा वरचा फायदा.

वरून उघडणारा आडवा डीप फ्रीझर एका आइस्क्रीमवाल्याकडून जुना घेतला. त्याच्या भिंतींतून गॅसच्या नळ्या फिरलेल्या असतात, त्यामुळे तिथे ड्रिल लावायचं नाही. झाकण काढून खोक्यावर सागवानी चौकट बसवायची, झाकण त्या चौकटीवर आणि तोट्या चौकटीतून बाहेर. सुताराला हे पटवायला वेळ लागला. "मालक, पेटी चांगली हाय की, झाकण वर कशाला उचलताय?" असं तो दर खिळ्याला विचारत होता. काम मात्र सुबक केलं.

फ्रीझर गोठवायला बनलेला, आपल्याला हवेत ४ अंश. त्यासाठी बाहेरून एक थर्मोस्टॅट जोडला, तो ठरल्या तापमानाला कॉम्प्रेसर बंद करतो. त्याचा सेन्सर पाण्याच्या बाटलीत सोडला. नुसता हवेत लोंबकळत ठेवला, तर झाकण उघडलं की कॉम्प्रेसर चालू, मिटलं की बंद, असा खेळ होतो आणि कॉम्प्रेसर लवकर जातो.

तोट्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या. बाजारात पितळेवर चकाकी दिलेल्या स्वस्त मिळतात, पण कार्बन डायऑक्साइड विरघळलेलं पाणी आम्लधर्मी असतं, ते तांबं ओढून घेतं. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आपण चिंचेचं सार ठेवत नाही, तसंच हे.

खरा अभ्यास गॅसचा. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, पण ३१ अंशांच्या वर तो द्रव राहूच शकत नाही, कितीही दाबा. आपल्या एप्रिल-मेची दुपार ४२ च्या पुढे. तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या सिलिंडरचा दाब भलताच चढतो. म्हणून छोटा सिलिंडर फ्रीझरच्या आतच, कॉम्प्रेसरच्या उंचवट्यावर उभा केला. थंडीमुळे दाबाच्या मीटरचा काटा खाली येतो, त्याला घाबरायचं नाही. आत द्रव शिल्लक आहे तोवर काटा जागचा हलत नाही, त्यामुळे किती गॅस उरला ते काट्यावरून कळत नाही. मी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून बघतो.

गॅस खाण्यायोग्य प्रतीचा मागून घेतला. विक्रेत्याला आधी वाटलं वेल्डिंगसाठी हवाय. आणखी एक: २ किलो द्रवातून हजार लिटरच्या वर वायू निघतो आणि तो हवेपेक्षा जड असतो. जिन्याखालच्या कोंदट खोलीत जागा होती, तरी यंत्र तिथे ठेवलं नाही. मागच्या सावलीच्या व्हरांड्यात ठेवलं.

१९ लिटरच्या केगमध्ये गाळलेलं पाणी भरून आधी रात्रभर थंड होऊ दिलं. ० अंशाला एक लिटर पाणी दीड लिटरहून जास्त गॅस पितं, ४० ला जेमतेम अर्धा लिटर. गरम पाण्यावर गॅस सोडणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. गॅस जोडल्यावर केगच्या झाकणाची कडी दोन-चारदा ओढून आतली हवा बाहेर काढली, मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले तिथे पुन्हा घट्ट केलं.

सोड्याला ३० पीएसआय (दाब मोजायचं एकक) लागतात, कोकमाला आणि आलं-लिंबाला त्याच्या निम्म्यात भागतं. गॅस वाटून देणाऱ्या एकाच मॅनिफोल्डवरून तिघांना सारखाच दाब जातो, म्हणून सोड्याला वेगळा रेग्युलेटर दिला. प्रत्येक वाटेवर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्हही हवा, नाहीतर कोकम गॅसच्या नळीत चढतं.

किटसोबत आलेल्या नळ्या पाच फुटी होत्या. पहिला ग्लास भरला तो निव्वळ फेस! नळी जितकी लांब आणि बारीक, तितका दाब वाटेतल्या घर्षणात जिरतो. पाच मिलिमीटरच्या आतल्या व्यासाची, वीस फुटांहून लांब फूड ग्रेड नळी सोड्यासाठी गुंडाळून ठेवली, तेव्हा धार शांत झाली. तरी दुपारचा पहिला ग्लास उसळायचाच, कारण तोटी बाहेर उन्हाच्या झळांत तापलेली. संगणकातला छोटा पंखा आत लावून गार हवा चौकटीपर्यंत ढकलली, बराच फरक पडला. राहिलेला पहिला घोट तुळशीला. फक्त सोड्याचा हं, कोकमाचा नाही.

आलं दोनदा मलमलीतून गाळावं लागतं, त्याचे तंतू व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमध्ये अडकतात. जलजिरा मी मुद्दामच टाळला. हिंग-जिऱ्याचा वास नळीतून जाता जात नाही. केग बदलताना कोमट पाण्यात सोडियम कार्बोनेट घालून नळ्या धुतो, मग साध्या पाण्याने. आईचा आग्रह आहे की चौथी तोटी ताकाची बसव. तिला सांगितलं, ताक नळीत साकळतं, कुबट वास धरतं. त्यावर तिचं उत्तर, "मग रोज धू की."